टेकडीपर्यंतची वाट

शेफील्डच्या तळघरातलं कपाट मोडीत निघालं
आणि काचपट्ट्यांचे चौदा ट्रे माझ्या गळ्यात पडले.
मांजर एकेचाळीस. चांदीचा रंग. एकोणीसशे बाहत्तर.
खाली इबट्सनचं तिरपं अक्षर.

भिंगाखाली पिवळसर पसारा,
त्यात मेलेल्या तंतूंचे काळे ठिपके
ओळ धरून चाललेले.
लहान मेंदूतून निघतात,
मध्यरेषेवर कुणाला न विचारता बाजू बदलतात
आणि चढतात त्या मसुराएवढ्या टेकडीवर
जिथून नजर वळते
आपल्याला कळायच्या आधी.
वाटेत विचाराचं घर लागतच नाही.

मांजरांना नावं द्यायची मनाई होती.
ट्रेच्या पाठीवर मात्र पेन्सिलीनं, पुसट:
'डॉली. उन्हात बसायची.'

रविवारी क्रूक्सचा चढ चढून त्याच्याकडे गेले.
नव्वदीला टेकलाय.
गेल्या हिवाळ्यात त्याच्याच लहान मेंदूत रक्त साकळलं.
हात बिस्किटाच्या पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे.
डोळेही तसेच,
माझा चेहरा ओलांडून पडद्याशी जातात,
मग शोधत परततात.
'एकेचाळीस,' मी म्हटलं.
बराच वेळ जुळवाजुळव करून म्हणाला, 'डॉ-ली.'

तेवढ्यात खिडकीवर काहीतरी फडफडलं.
दोघांच्याही माना गर्रकन वळल्या,
त्याची जरा जास्तच.
काय होतं ते दोघांनाही दिसलं नाही.

चहा आला.
मी त्याचा कप उचलून
थोडा पलीकडे ठेवला,
हात जिथे पोचणार होता तिथे.