घरी कोणती भाषा बोलता?

शाळा सुटली की वर्ग त्यांच्या ताब्यात जातो.
सकाळी मी कुलूप काढतो तेव्हा फळ्यावर
माझ्या कालच्या 'प्रयोग ओळखा'खाली
पुसायचं राहिलेलं असतं: डेर, डी, डास.
पाचवीतली पोरं दिवसभर
एकमेकांच्या पाठीवरचे डास मारतात.

उभादांड्याच्या शाळेत जर्मन!
प्रोजेक्टरवर निळं स्टिकर, बारा पिवळ्या चांदण्यांचं,
म्हणजे पैसा तिकडचा, कुठल्याशा योजनेतला.
बाकं मात्र आपलीच, एक पाय आखूड असलेली.
बाई पुण्याच्या. सोमवार ते गुरुवार बाजारातल्या लॉजवर,
बांगड्याचे काटे अजून चष्मा लावून काढतात.
शिकणारे अकरा. बहुतेक नर्सिंग झालेल्या मुली,
एक इलेक्ट्रिशियन, बस्त्याव फर्नांडिस,
आणि बर्फाच्या कारखान्यातला नितेश कुबल, जो झोपतो.

एकदा मागे जाऊन बसलो.
पंखा किती वेळ चालतो ते बघायला, असं म्हणालो.
बाई सांगत होत्या: घाबरू नका,
तीन लिंगं आपल्याकडेही आहेत,
तो ती ते, पाळण्यापासून पाठ.
फक्त तिकडे सूर्य 'ती' आहे
आणि मुलगी, हसू नका, मुलगी 'ते'.

कुणी हसलं नाही.
हर्षाली गिरप म्हणाली,
"बाई, ह्यां आमच्याकडेय आसा.
तां चेडू."

बाईंनी खडू उचलला
आणि फळ्यावर लिहिलं: चेडू.
मोठ्या अक्षरात, वर शिरोरेघ नीट ओढून.
एकतीस वर्षं मी त्या फळ्यावर लिहितोय.
तो शब्द तिथे पहिल्यांदा आला
आणि आला तो जर्मनीच्या वाटेने.

सातवीत हिनेच निबंधात लिहिलं होतं,
'तां चेडू पाण्याक गेलां.'
मी खाली लाल रेघ मारली होती, समासात 'लिंग चुकले',
आणि वर्गासमोर तीनदा म्हणायला लावलं होतं: ती मुलगी, ती मुलगी.
तिला आठवत नसेल.
(आठवत असणार.)

त्यांना एक पुस्तिका मिळाली आहे, प्रत्येकाला स्वतःची.
येतील त्या सगळ्या भाषा त्यात लिहायच्या,
आणि प्रत्येकीच्या सहा पायऱ्या, ए-वनपासून सी-टूपर्यंत.
काय येत नाही ते विचारतच नाहीत.
नुसतं: काय करू शकता?

शुक्रवारी हर्षाली ती घेऊन आली.
जर्मनच्या पानावर: नाव सांगू शकते.
रुग्णाला कुठे दुखतं ते विचारू शकते.
उत्तर हळू दिलं तर समजतं.

पुढचं पान मालवणी.
*वाऱ्याच्या उलट होडीवरल्या माणसाला हाक मारू शकते.
लिलावात भाव कळतो, माणसाने नुसती मान हलवली तरी.
मयताच्या घरी काय बोलायचं नाही ते समजतं.
भांडू शकते. लगेच.
लिहू शकते:*
इथे जागा रिकामी, आणि कडेला बारीक अक्षरात,
*शिकवलेलं नाही.*

"सर, खाली भाषाशिक्षकाची सही लागते."

खिशात पेन होतं, लालच.
बाहेर कुणीतरी जाळं झटकत होतं,
वाळकी खवलं खिडकीच्या गजांवर येऊन पडत होती.
पायरीचा चौकोन कोराच दिसला. विचारलं, कितवी लिहू?

"तुमीच सांगा," ती म्हणाली.
मग जरा थांबून, उद्धटपणाने नव्हे,
रुग्णाला विचारावं तसं, हळू,
"तुमका किती येता?"

"माका?" म्हटलं.
पुढचा शब्द घशाशी आला
आणि तिथेच उभा राहिला,
मी ज्यांना उभं केलं त्यांच्यासारखा, अंगठे धरून.

सहीसाठी तिचंच निळं पेन घेतलं.