अर्धा अथर

गुरुवारपर्यंत फॉर्म भरून द्यायचा होता.
चौतीस मुलं, तीन रकाने:
बघून शिकतो, ऐकून शिकतो, करून शिकतो.
एकाच चौकटीत खूण, खाडाखोड नको.
मस्कतहून आलेल्या बाईंनी हे सगळं
पडद्यावर दाखवलं, आम्ही उतरवून घेतलं.
मागे बसलेल्या पीटीच्या सरांना झोप लागली.
त्यांचा रकाना कुठला, कुणी विचारलं नाही.

मी निजव्याच्या शाळेत अपूर्णांक शिकवते.
स्वतः शिकले इस्लामपूरला, वडिलांच्या गिरणीत,
पट्ट्याच्या धडधडाटावर ओरडत:
एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण.
नाकात ज्वारीचं पीठ, हातात गिऱ्हाइकाचा डबा,
वडील न बघता सांगायचे, कुठे चुकले.
आता ह्याला कुठल्या चौकटीत बसवू?

फेबिन चाको, तिसरा बाक, खिडकीकडचा.
त्याच्या वहीत तीन-चतुर्थांश
कायम एकाहून मोठा.
"तीन मोठा, चारही मोठा, मग मिस,
दोन मोठे मिळून लहान कसे होतील?"
ह्याला उत्तर आहे. मी ते सात वेळा दिलं आहे.

जानेवारीत बस काढली, डोंगराखालच्या वाडीत गेलो.
खजुरांच्या सावलीतून पाट वाहत होता,
ते त्याला फलज म्हणतात. मी म्हटलं, पाट,
आणि जीभ उगाच ओली झाली.
पाण्याची पाळी सांभाळणारे हमूद बिन नासिर
मोकळ्या जागेत काठी रोवून बसले होते,
भोवती दगडांची रांग.
ह्या दगडावरून त्या दगडावर सावली गेली
की एक अथर. तेवढा वेळ पाणी ह्या बागेचं.
मग बांध फिरवायचा, पाणी त्या बागेचं.

"खदीजाचा एक अथर होता," ते सांगत होते,
आमचा ड्रायव्हर हिंदीत करत होता,
"ती गेली. दोन लेकांना निस्फ-निस्फ.
धाकट्यानं आपल्यातला निम्मा विकला.
आता त्याच्याकडे काय उरलं?"
मुलं वह्या काढायला लागली.
फेबिन पाटाशी पालथा पडला होता,
कोपरापर्यंत पाण्यात,
चिंध्या आणि दगडाचा बोळा धरून.
"रुबा!" हमूद ओरडले, आणि त्यानं
बरोबर त्या क्षणी बोळा सरकवला.
पाणी वळलं. पलीकडे लिंबांच्या आळ्यात
जीभ लपलपल्यासारखा आवाज झाला.
"एवढंच?" तो म्हणाला. "मिस, पाव इतका लवकर संपतो?"

मी काहीतरी समजावायला पुढे झाले.
भागिले, छेद, अंश, तोंडाशी आलेलं सगळं.
हमूदनी हात वर केला.
ड्रायव्हर जरा लाजला, मग म्हणाला,
"मॅडम, बाजूला व्हा म्हणतात.
तुमची सावली पडते आहे.
कुणाचं तरी पाणी वाढतंय."

मी बाजूला झाले.
बराच वेळ नुसती उभी होते,
दोन्ही हात पाठीमागे, शिक्षा झाल्यासारखी.
काठीची सावली हलताना दिसत नव्हती.
बघत राहिलं तर दिसत नाही,
क्षणभर दुसरीकडे बघून आलं की पुढे गेलेली असते.
रात्री काय करता, अनघानं विचारलं.
"तारे," हमूद म्हणाले.
मग मनगटावरचं घड्याळ दाखवून हसले.
"आता बहुतेक हेच."

चाचणीत फेबिनला पाचातले दोन.
तीन-चतुर्थांश अजून एकाहून मोठा,
पण शेजारी पेन्सिलीनं एक काठी काढलेली,
चार दगड, आणि तिसऱ्या दगडाशी
पाण्याचा एक थेंब, नीट गोल.
पेपरच्या नमुन्यात थेंबाला गुण नाहीत.
मी अर्धा दिला.
मग बसून राहिले, लाल पेन उघडं,
पाऊण द्यायला हवा होता का.

फॉर्म अजून कपाटात आहे.
तेहतीस खुणा आहेत त्यावर, सगळ्या खोट्या नाहीत.
ऑफिसमधून दोनदा विचारून गेले.