तिसरं नाव

पहिलं नाव आषाढात पडलं, होड्या वर ओढलेल्या होत्या तेव्हा.
दाऊद सोलकर, बर्फाच्या कारखान्याचे जुने हिशेबनीस.
सभेनं विचारलं, 'हेका दर्या कळता?'
दाऊदभाई म्हणाले, 'बर्फ कळतो.'
सगळे हसले. हसण्यातच मतदान उरकलं.

दुसरं, नारळी पुनवेनंतर, लॉरेन्स फर्नांडिसचं.
त्यानं स्वतःच मागे घेतलं.
रात्रीत कुणीतरी त्याची होडी वाळूनं भरून ठेवली होती,
काठोकाठ, वरून नीट थापटून.

अध्यक्ष सारंग म्हणाले, लवादावर माणूस नेमणं माझा अधिकार, कलम अठरा.
सभा म्हणाली, मंजुरी आमची, कलम एकोणीस.
दोन्ही कलमं एकाच पानावर,
मधे मासळीच्या तेलाचा डाग.
डागाखाली एक शब्द आहे, 'विचारविनिमय' असावा.
उन्हात धरून कुणी पाहिला नाही.

तिसरं नाव माझं.
यमुना मिठबावकर, देवगड कोर्टात बत्तीस वर्षं शिरस्तेदार.
दुसऱ्यांची नावं पुकारताना ऐकली,
माझं कधी पुकारलं गेलं नव्हतं.
मला बाहेर बाकावर बसवलं.
सोसायटीची भिंत पत्र्याची. सगळं ऐकू येत होतं.
'बाय बरी आसा, पन अध्यक्षाची आसा.'
मी तर त्यांना मतही दिलं नव्हतं.
'आमका आदी इचारूक नाय.'
हे मात्र खरं.

एकवीस विरुद्ध, बारा बाजूनं.
चौघे तटस्थ, त्यात माझा चुलत दीर.
अध्यक्ष चष्मा पुसत बाहेर आले,
'पुढच्या महिन्यात चौथं,' म्हणाले, माझ्याकडे न बघता.
तेव्हा कळलं, मी निवडून यावं असं त्यांनाही नव्हतं.
त्यांना हवा होता आकडा:
तीनदा अडवलं, असं जिल्ह्याला कळवायला.

काल दिवेलागणीला दोघं ओट्यावर आले,
खवणेकर आणि तो पर्ससीनवाला तांडेल.
मधे फाटलं जाळं, एकेक टोक एकेकाच्या हातात.
म्हटलं, माझं नाव पडलंय.
'पडला ता आमीच पाडला,' खवणेकर म्हणाला,
'पन आता सांग.'

चहा दिला. साखर कमी पडली.
ते गेल्यावर दिवा जवळ ओढला.
कापलेल्या दोऱ्याचं टोक सरळ असतं,
तुटलेल्याचं पिंजलेलं.
मला कळलंय.
अठरा की एकोणीस,
ते आधी ठरवा म्हणावं.