एकाच बाजूचं

डिचोलीच्या बाजारात मांद्रेकरांच्या दुकानी
हे मिळालं असतं का, ठाऊक नाही.
विचारलंच नाही.
गल्ल्यावर त्यांची धाकटी सून बसते,
पाचवी ते सातवी माझ्याकडे गणिताला होती.
तिच्यासमोर कसं म्हणू,
एकाच बाजूचं हवंय. डावं.

म्हणून रात्री, फोनवर.
दिवा घालवून, पांघरुणाच्या आत,
मुलगी असताना चोरून कादंबऱ्या वाचायचे, तशी.

आधी खातं उघडा, म्हणे.
उघडलं. प्रफुल्ला हळर्णकर.
प्रत्येक रकान्याशेजारी लाल तारा,
रिकामा सोडला की सगळं पान थरथरायचं.
स्त्री की पुरुष, विचारलं.
बोट जरा थांबलं तिथं.

घर नंबर पुरेना, जवळची खूण पाहिजे.
खुरसापुढं, बंद पडलेल्या सोड्याच्या कारखान्याला लागून.
आणि जन्मतारीख.
ती कशाला? मापाशी तिचा काय संबंध?
रागानं तो दिवस टाकला,
बांबोळीला ऑपरेशन झालं तो.
साल तेवढं खरं ठेवलं.
चाललं त्याला.

पार्सलवाला पोरगा खूण शोधत वाडाभर हिंडला.
एस्परान्साला विचारलं, गॅरेजवाल्याला विचारलं,
मोठ्यानं, खोका उंच धरून,
"प्रफुल्ला टीचर खंय रावता?"
खोक्यावर काही लिहिलं नव्हतं.
एवढी अब्रू राखली त्यांनी.

मग सुरू झालं.
बातम्या उघडल्या तरी, एकादशी कधी ते पाहिलं तरी,
नातवाला बेडूक दाखवायला घेतला तरी
कडेला त्याच बाया,
गळ्यापासून वर कापलेल्या.
"आजी, ह्यांना डोकं का नाही?"
फोटोत मावलं नसेल रे, म्हटलं.

यंदा सोळा फेब्रुवारीला
घरात कुणाला आठवण नव्हती.
मीही काढली नव्हती.
डाळ धूत होते, फोन ओट्यावर सरकत आला.
प्रिय प्रफुल्ला,
वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!
फक्त आज, खास तुझ्यासाठी,
एकावर एक मोफत.

हसू आलं.
असं आलं की डाळीचं पाणी साडीवर,
ओटा धरून उभी राहिले,
वर्षभरात एवढी हसले नव्हते.
हे आतून विचारत आले, काय गं, कोण?

काही नाही, म्हटलं.
आपल्या ओळखीतलंच कुणीतरी.