चौथा ढीग

ठेवायचं, द्यायचं, टाकायचं.
तीन खोकी मांडलीत हॉलमध्ये,
स्केचपेननं नावं घातलीत ठळक.
(स्केचपेन शोधण्यात पाऊण तास गेला.
सापडलं फ्रिजवर, हळदीच्या डब्यामागं,
मग हळदीचा डबा पुसला,
मग फ्रिज.)

कोपरखैरणे, सिडकोची दीड खोली, तिसरा मजला.
तेवढ्यात माझी एकोणतीस सुरू केलेली आयुष्यं:
क्रोशाच्या सुया नि एक अर्धा मोजा,
फ्रेंचचं पुस्तक, तिसऱ्या धड्यापर्यंत पेन्सिलच्या खुणा,
कुंभारकामाची माती, पिशवीतच वीट झालेली,
आणि पाच चार्जर,
ज्यांचे फोन केव्हाच वारले.

वाशीच्या डॉक्टर म्हणाल्या, आळस नाही हा.
नाव आहे त्याला, चार अक्षरी, इंग्रजी.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
"म्हणजे धांदरटपणाच ना?
तुझ्या बाबांनाही होता की.
पण त्यांचं मी आवरायचे."

एका वेळी एकच कप्पा, असं लिहून दिलंय.
उघडला.
कप्प्यात विजेचं बिल, ते भरायला फोन घेतला,
फोनमध्ये शर्वाणीचा मेसेज, तिला उत्तर लिहिता लिहिता
दूध उतू गेलं,
ते पुसायला हाताला लागला टीशर्ट:
आंतरशालेय कबड्डी, ऐरोली.
कुठल्या खोक्यातला हा?
ओट्याला टेकून बसले तिथंच, जमिनीवर,
ओला टीशर्ट मांडीवर घेऊन.
दुपार टळली.
बिल कप्प्यात. कप्पा उघडाच.

आणि घरभर पसरलेला तो चौथा ढीग,
ज्याचं खोकं कुणी मांडत नाही:
बघू.

साडेचारला लहू आला, रद्दीवाला.
"ताई, बांधून ठेवलं का?"
नाही हो. थोडं बसता का तुम्ही?
काही करू नका. नुसतं बसा.

माझ्याकडे बघितलं त्यानं, मग तराजू टेकवला,
चपला काढल्या, उंबऱ्याशी बसला
समोरच्या गॅलरीतली कबुतरांची जाळी बघत.
मी पाणी दिलं. तो प्यायला. बोलला नाही.

काय झालं कुणास ठाऊक.
माणूस नुसता बसलेला असला दाराशी
की माझे हात घर सोडून जात नाहीत.
पेपर बांधले. फ्रेंच दिलं.
चार्जर दिले, चार.
मातीची पिशवी पुढं केली तर म्हणाला,
"माती नाय घेत आपण."
दोघंही हसलो.

अकरा किलो चारशे. एकशे साठ रुपये.
नोटा मी नीट ठेवल्यात.
कुठं, ते विचारू नका.

जिन्यावरून त्यानं विचारलं, पुढच्या रविवारी?
म्हटलं, रद्दी नसेल.
"नसू दे. तीन मजले चढून
दम तर लागतोच."

तो गेल्यावर कप्पा बंद केला.
एक.
बिल आत राहिलं.