वाळा

दुकानातला पोरगा म्हणाला, चार ओळी बसतील,
ओळीत अठरा अक्षरं. मोकळी जागाही मोजतात.
पार्नूहून परतताना बसमध्ये
मी पाकिटाच्या पाठीवर लिहीत राहिले.
एल्मार. मग आडनाव. मग दोन्ही खोडली.
नाव दिसलं की कोणीही हाक मारेल,
आणि हाक मारणाऱ्याच्या मागे हा जातो हल्ली, कुणाच्याही.
आजार लिहा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, ठळक.
मी लिहिलं, विसरतो.
बस आमच्या फाट्यावरून पुढे गेली तेव्हा कळलं,
हे तर माझ्याबद्दलही खरं आहे.
शेवटी उरला घरचा फोन नंबर
आणि एक शब्द: कळवा.

शब्द त्याचाच.
एकेचाळीस वर्षं त्याने आखाताच्या काठी
जाळ्यांतून पाखरं सोडवली, पायांत वाळे घातले,
भिंगऱ्या, धोबी, वटवटे,
आणि तो पाच ग्रॅमचा गोल्डक्रेस्ट,
ज्याच्यासाठी पक्कड उचलताना तो श्वास धरायचा.
वाळ्यावर आकडा, जागा उरलीच तर: कळवा.
आणि कळवायचे लोक. इटलीहून, मोरोक्कोहून,
एकदा एका मांजराच्या मालकिणीने, माफी मागत.

लग्नाच्या वर्षी मला शिकवलं होतं:
वाळा फिरला पाहिजे. निसटता कामा नये. रुतता कामा नये.
मी त्याच्या मनगटावर तेच पाहिलं, करंगळी आत सरकवून.
तो माझ्या हाताकडे बघत होता, तपासनीसासारखा.
"ठीक," म्हणाला.
घड्याळ त्याने विहिरीत टाकलंय,
अंगठी साखरेच्या डब्यात सापडली,
हे मात्र काढलं नाही.

ऑक्टोबरातला मंगळवार. बटाटे उकडायला ठेवले
आणि वळून बघते तर मागचं दार उघडं.
कोट खुंटीवर. बूट नव्हते,
म्हणजे बूट तरी घातलेत.
शेजारचा कालेव ट्रॅक्टर घेऊन किनाऱ्याकडे गेला.
मी फोनपाशी.
फोनपाशी बसणं हेही काम असतं,
असं कुणी सांगितलं नव्हतं.

दोन तास. बटाट्यांचा लगदा.
मग घंटी. पेट्रोल पंपावरच्या पोरीने
"हे आजोबा फोन मागतायत" एवढंच म्हटलं, आणि मग
त्याचा आवाज, तो जुना, केंद्रावरचा,
कित्येक वर्षांत न ऐकलेला:

"नमस्कार. वाळा घातलेला एक सापडलाय. नोंद घ्या."

मी पेन्सिल शोधली. खरंच शोधली.
"सांगा."
"महामार्ग. स्प्रूसची रांग संपते तिथे. वारा वायव्येचा.
नर. प्रौढ. पिसं बरीच झडलीत."
"जिवंत?"
थांबला. कापडाची सळसळ,
बाही वर करून बघत असावा.
"जिवंत. गारठलाय. काळीज फार जोरात चाललंय,
पण हातात धरलं की त्यांचं तसं चालतंच."
"दुखापत?"
"दिसत नाही."

आणि मग त्याने विचारलं,
वजन-माप संपल्यावर विचारायचा तसं,
खिडकीची कडी आधीच काढून ठेवलेली असायची तेव्हा:
"सोडू?"

"नको," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच.
"नका सोडू. धरून ठेवा. फार दाबू नका.
मी निघालेच."

तिकडे एक ट्रक गेला. पोरगी कुणाला तरी सुटे पैसे मोजत होती.
"तुम्ही घातलात का हा वाळा?"
तुम्ही. लग्नाआधी म्हणायचा.
"हो."
"चांगला बसलाय," तो म्हणाला. "फिरतो."

पाकिटावर मी लिहिलं होतं: स्प्रूस. वायव्य. जिवंत.
खुंटीवरचा कोट काढायला
मला दोन्ही हात लागले.