दारं नसलेली वाट

टेबल चारच्या कार्डावर नाव नसतं.
वय एक्क्याऐंशी. पुरुष. धंदा: कालव्याची दारं सांभाळणं.
हा रकाना खरं तर खोडायचा असतो. राहून गेला.

ग्रोनिंगनच्या या तळघरात सव्वीस वर्षं
मी मेलेल्यांच्या शिरांत रंग भरते.
धमन्यांना लाल, नीलांना निळा,
कोमट, हाताला सायीसारखा लागणारा.
घाई केली की शीर फुटते,
आणि ओटीपोटात नुसती शाई सांडलेली.

पायांच्या शिरांना झडपा असतात.
रिन्स्के, पहिल्या वर्षाची, बोटानं चाचपते:
एक, दोन, इथे अजून एक.
रक्त वर गेलं की मागून दार लागतं.
म्हाताऱ्याला हे पटलं असतं.

कमरेशी मात्र हिशेब बिघडतो.
मूत्राशयाभोवती, गुदाभोवती, माकडहाडाच्या पुढ्यात
मांजरानं खेळून टाकलेली लोकर;
टोक म्हणून सापडत नाही.
डावीकडची मोठी शीर उजव्या धमनीखालून वाकून जाते,
पाचव्या मणक्यावर चेपलेली,
ठेंगण्या पुलाखालून डोकं खाली घालून निघालेल्या नावाड्यासारखी.
आणि त्याच्याही मागे, कण्याच्या आतबाहेर,
आणखी एक जाळं.
तिथे एकही दार नाही.

"मग रक्त जातं कुठे?"
जिकडे दाब कमी तिकडे.
खोकलीस, कुंथलीस, पोट धरून हसलीस
की खालचं पाठीत चढतं.
मग उतरतं. बहुतेक.

मी निळा भरला होता खाली, जांघांच्या मधे, एवढासा.
तो सापडला कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पोटात.
करवतीनं मणका उभा चिरला:
निळ्याला लागून काहीतरी फिकट, खडूसारखं, घट्ट.
रिन्स्केनं हातमोजे काढले, पुन्हा घातले.
गाठ कुठून निघाली, कोणत्या वाटेनं आली,
हे तिला सांगावं लागलं नाही.

आयुष्यभर पाण्याला म्हणत आला असेल:
थांब. हं, आता ये.

माझंही ओटीपोट संध्याकाळी जड होतं, डावीकडे जास्त.
तीन डॉक्टर म्हणाले, काही नाही.
मी वाद घातला नाही.
ते काही-नाही मी रोज चिमट्यात धरते.

नखांतला निळा निघाला नाही.
सायकलवरून घरी निघाले तर पूल वर उचललेला,
खालून वाळूची एक बार्ज, संथ, अंधारात.
एक पाय जमिनीवर टेकून थांबले.
खोकला आला.
दाबून धरला.